मूल वाचते की पाठ म्हणते?
वाचन शिकवण्याच्या रीती आणि त्यांचा पुरावा : एक धावता इतिहास

एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड., वणी



स्मरणिकेसाठी शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे शिक्षणाचे महत्त्व, शिस्त किंवा आदर्श विद्यार्थी यांवर लिहावे असा प्रघात आहे. ते लेख आपण दरवर्षी वाचता. यंदा मी आपले लक्ष एका लहानशा प्रश्नाकडे वेधू इच्छितो. मुलाला आपण ज्या रीतीने वाचायला शिकवतो ती रीत बरोबर आहे, हे आपल्याला कळते कशावरून?

हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथात सापडला नाही. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकल दुरुस्तीला टाकली होती. दुकानातला कारागीर माझाच जुना विद्यार्थी. हात असा की नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे सांगतो. काम झाल्यावर त्याने हळूच मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "सर, बँकेचं काहीतरी आलं आहे, जरा पाहा ना." मराठीतल्या चारच ओळी होत्या. मी म्हटले, "अरे, तूच वाच की." तो हसला. "सर, मले कुठं वाचता येते? मी तं सारं बोलूनच पाठवतो." हल्ली फोनवर आवाजाचा निरोप पाठवता येतो, तेव्हा गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही.

हा मुलगा आठ वर्षे शाळेत होता. त्यांपैकी एक वर्ष माझ्या वर्गात. पाचवीला मराठीच्या तोंडी परीक्षेत मी त्याला दहापैकी आठ गुण दिले होते. ते लक्षात राहिले याचे कारण तो धडा घडाघडा म्हणत असे. पुस्तक हातात, डोळे पुस्तकावर, बोट ओळीवर. त्याने वाचले नव्हते, पाठ म्हटले होते, आणि मी ते ओळखले नव्हते. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. त्यातला जो भाग आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे, तो आपल्यापुढे ठेवतो.

जुन्या काळापासून सुरुवात करू. सरकारी शाळा येण्यापूर्वी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या आणि मशिदींना लागून मक्तब होते. पंतोजी धुळपाटीवर अक्षर गिरवून घेई आणि मुले सुरात म्हणत, क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि. मक्तबात मूल कायदा घेऊन बसे आणि प्रत्येक हरफ जबर, जेर, पेश लावून म्हणे. लिपी वेगळी, दिशा उलटी, परंतु रीत एकच. अक्षर आणि त्याला लागणारे स्वराचे चिन्ह ही दोन्ही आरंभापासून बरोबर शिकवायची. या रीतीला आम्ही बी. एड.च्या वर्गात 'घोकंपट्टी' म्हणून नाके मुरडली. तिचा दोष खराच होता, कारण अर्थ फार उशिरा येई आणि पुष्कळांच्या बाबतीत येतच नसे. पण तिच्यात एक शहाणपणही होते. त्याकडे मी पुढे येणार आहे.

धुळपाटीची गोष्ट मोठी मौजेची आहे. मद्रासेतील अनाथ मुलांच्या एका शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली आणि तो प्रकार आपल्या शाळेत आणला. मोठ्या मुलाने लहान्याला शिकवावे, हाही त्यांच्या पद्धतीचा गाभा. १७९७ साली त्यांनी यावर इंग्रजीत पुस्तिका काढली, तिच्या नावातच 'शिक्षणातील प्रयोग' असे शब्द आहेत. ही पद्धत इंग्लंडात गाजली आणि १८२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीच्या शाळांतून समुद्र ओलांडून पुन्हा आपल्याकडे आली. आपलीच वाळू आपल्याला विलायती शिक्क्यासह परत मिळाली! मात्र 'प्रयोग' हा शब्द असूनही त्या पद्धतीने न शिकलेली मुले किती वाचू शकतात, याच्याशी कोणी ताडून पाहिले नव्हते.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. पुढे १९०५ पर्यंत आपल्या जिल्ह्याचे नावच वणीवरून 'वून' असे होते, कचेरी मात्र यवतमाळला. या काळात सरकारी शाळा वाढल्या आणि त्यांच्याबरोबर तपासणीला येणारे डिपुटी आले. वर्गाचे वाचन साहेबापुढे कसे होते यावर मास्तराची अब्रू अवलंबून राहू लागली.

इंग्लंडात १८६२ साली याहून पुढचे पाऊल टाकले गेले. तपासनीसाने एकेका मुलाला वाचायला लावावे आणि जितकी मुले उतरतील त्या मानाने शाळेला पैसा द्यावा, असा नियम झाला. ही 'निकालावर अनुदान' पद्धत हिंदुस्थानातही खाजगी शाळांना लागू करण्यात आली. कल्पना वरवर पाहता किती न्याय्य! प्रत्येक मुलाचे वाचन ऐकायचे, याहून चांगला पुरावा कोणता? परंतु घडले भलतेच. मास्तरांनी ठरलेले पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेतले. पुस्तक उलटे धरले तरी मूल 'वाचते', अशी तेथे थट्टा होऊ लागली. माझ्या त्या विद्यार्थ्याचे आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलांचे नाते मला येथे दिसते. ज्या पुराव्यावर शिकवणाऱ्याची भाकर किंवा अब्रू टांगलेली असते, तो पुरावा नासायला वेळ लागत नाही.

विसाव्या शतकात अध्यापन विद्यालयांतून अक्षरपद्धती, शब्दपद्धती आणि वाक्यपद्धती असा तिरंगी वाद चालला. शेवटची दोन नावे बव्हंशी युरोप-अमेरिकेतून आली. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बेभरवशाचा असल्यामुळे तेथे सबंध शब्द डोळ्यांनी ओळखायला शिकवावे असे काहींना वाटले. त्या वादावर जीन चॉल या विदुषीने १९६७ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि २००० साली अमेरिकन सरकारने नेमलेल्या मंडळाने शेकडो अभ्यास चाळून ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध क्रमवार शिकवावा असा निर्वाळा दिला. आपल्याकडे मात्र वाद झाला तो मुख्यतः परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न म्हणून. मी स्वतः वाक्यपद्धतीचे फायदे सुवाच्य अक्षरात लिहून आलो आहे. वर्गात आलो तेव्हा पुढ्यात पाठ्यपुस्तक होते आणि पुस्तकाची जी रीत ती माझी रीत झाली.

पाठ्यपुस्तकांनी 'सोप्याकडून कठीणाकडे' हे सूत्र धरले. आधी बिनकान्याचे शब्द, मग काना, मग एकेक मात्रा. हे तर्काला पटते. पण अशा शब्दांतून मुलाच्या ओळखीचे जग बनत नाही. पाणी, भाकरी, शाळा यांपैकी एकही शब्द काना-वेलांटीवाचून लिहिता येत नाही. पंतोजीने आणि मौलवीसाहेबांनी चिन्ह पहिल्यापासून दिले होते. आम्ही सुधारणा म्हणून ते लांबणीवर टाकले, हे मघाचे शहाणपण.

मुलाकडे बसून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे प्रथम आणली ती ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून, १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे त्यांनी माँटेसरीबाईंची रीत देशी रूपात आणली. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर. तेथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी वारली मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे, गुरे चरतात त्या कुरणात न्यायची. अनुताईंनी हे काम १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत सोडले नाही. त्यांच्या रीतीचा आकड्यांचा पुरावा त्यांनी मागे ठेवला नाही, आणि त्या काळी तो कोणी मागितलाही नाही. पण मूल काय करते हे आधी पाहा आणि मग शिकवा, हा धडा कोसबाडचाच आहे.

त्यानंतर फलटण. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ १९६१ मध्ये भारतात आल्या, फलटणच्या बोलीचा त्यांनी अभ्यास केला आणि १९७८ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. मुले त्यांना मॅक्सीन मावशी म्हणत. वस्तीतील शाळेबाहेरच्या मुलांना शिकवता शिकवता त्यांनी पाहिले की सगळी मुळाक्षरे होईपर्यंत मुलाचा धीर सुटतो. म्हणून थोडी अक्षरे आणि त्यांबरोबरच एखाददोन स्वरचिन्हे एका गटात घ्यायची, की पहिल्याच काही दिवसांत मूल खरा शब्द आणि खरे वाक्य वाचू लागते. नंतर दुसरा गट. १९८६ मध्ये त्यांच्या संस्थेने कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. भाषेच्या शास्त्रावरून रीत बसवायची, ती वर्गात लावून पाहायची आणि अडेल तेथे बदलायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले.

तरीही एक शंका उरतेच. चांगली शिक्षिका कोणत्याही रीतीने शिकवील, तिची मुले वाचतीलच. मग गुण रीतीचा की बाईंचा? हे वेगळे करून दाखवणारे काम मुंबईत झाले, आणि त्याची हकीकत जरा सविस्तर सांगावीशी वाटते.

१९९४-९५ च्या सुमारास मुंबईत 'प्रथम' ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत रसायनशास्त्राचे प्राध्यापक माधव चव्हाण आणि समाजकार्य शिकवणाऱ्या फरीदा लांबे ही दोन नावे ठळक आहेत. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीला पोचूनही अक्षर न ओळखणारी मुले त्यांना दिसली. त्यांच्यासाठी 'बालसखी' योजना आली. त्याच वस्तीतील, बहुधा दहावीपर्यंत शिकलेली तरुण मुलगी, सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि अल्प मानधन. शाळेच्या वेळातच पंधरा-वीस मागे पडलेली मुले घेऊन तिने दोन तास बसायचे आणि तिसरीच्या पुस्तकाचे नाव न काढता त्यांना जेथे अडले आहे तेथून शिकवायचे.

आता पुराव्याचा भाग. आपला भाग कापसाचा, म्हणून कापसाचेच उदाहरण घेतो. नवे बियाणे चांगले की जुने, हे ठरवताना कोणी काळ्या भारी जमिनीत नवे आणि बरड जमिनीत जुने पेरले, तर आपण त्याला हसू. सारखी जमीन, सारखे पाणी, आणि कोणत्या वाफ्यात काय पेरायचे ते चिठ्ठी टाकून ठरवायचे, म्हणजे फरक बियाण्याचाच असे म्हणता येते. शेतीतील प्रयोगांची ही शिस्त इंग्लंडात रॉथमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात बसवली. तीच शिस्त अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील शाळांना लावली. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि मातोश्री मराठी, हे जाता जाता सांगतो.) चिठ्ठ्यांसारख्या निवडीने काही शाळांत बालसखी तिसरीला दिली, काहींत चौथीला. एका शाळेची तिसरी दुसरीच्या तिसरीशी ताडून पाहायची. कोणत्याही शाळेला रिकाम्या हाती परत पाठवले नाही, हे मला विशेष आवडले.

निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बालसखी असलेल्या वर्गांतील मुलांची भाषा आणि गणित मिळून सरासरी प्रगती दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी जास्त भरली. साध्या भाषेत सांगायचे तर शंभर मुले गुणांप्रमाणे रांगेत उभी केली आणि आपले मूल बरोबर मध्यावर असले, तर ते दहा-अकरा मुलांना मागे टाकून पुढे जाईल. आणि हा फायदा मुख्यतः रांगेच्या शेपटाकडील मुलांना झाला होता. जी मुले मूळ वर्गात राहिली, त्यांचा वर्ग लहान होऊनही त्यांच्यात विशेष फरक पडला नाही. हे वाचून मी थोडा खट्टू झालो, कारण 'वर्गात मुले कमी द्या, मग पाहा' हे आम्हा शिक्षकांचे आवडते वाक्य आहे.

परंतु याच अभ्यासातील दुसरा आकडाही सांगितला पाहिजे. योजना थांबल्यावर एका वर्षाने तपासले, तेव्हा ही वाढ सुमारे ०.१० वर आली होती. मूल पुन्हा त्याच वर्गात, त्याच पुस्तकापुढे बसले की मिळवलेले बरेचसे गळून जाते. सत्कार समारंभात हा आकडा कोणी सांगत नाही. २०१९ मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हाही वर्तमानपत्रांत पहिलाच आकडा जास्त दिसला.

या कामातूनच एक साधे मापही रूढ झाले. एक कागद. त्यावर काही अक्षरे, काही शब्द, पहिलीच्या तोडीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या तोडीची गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला लावायचे आणि ते कोठवर पोचते ते लिहायचे. या मापाने २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघर पाहणी होते, तिला 'असर' म्हणतात. शब्द आपल्या घरातलाच आहे, अर्थ सांगायला नको. २०२२ च्या पाहणीत पाचवीतील ४२.८ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली, २०२४ मध्ये ४८.८ टक्के. म्हणजे देशाच्या खेड्यांतील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे पान जड जाते. टाळेबंदीने घसरण झाली हे खरे, पण २०१८ मध्येही आकडा ५०.५ च होता.

पुढे उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये मुलांचे इयत्तेप्रमाणे नव्हे तर त्यांच्या वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून शाळेतच काही दिवसांची वर्गशिबिरे घेतली गेली. उतारा किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण इतर शाळांच्या जवळजवळ दुप्पट झाले. उलट बिहारमध्ये जेथे नुसते साहित्य वाटले, तेथे हाती काही लागले नाही. आमच्या कपाटांत कुलूपबंद असलेल्या वाचनपेट्यांची आठवण येथे कोणाला झाली, तर तो योगायोग समजावा.

मराठीच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते ते पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातील यादगीर येथे शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम. पहिलीपासून तिसरीपर्यंतच्या मुलांचा तीन वर्षे मागोवा घेऊन २०१७ मध्ये त्यांनी अहवाल दिला. वर्गात दीर्घ काळ सुटी अक्षरेच गिरवली जातात, स्वरचिन्हांशी आणि जोडाक्षरांशी मुले अडतात, आणि वाचलेल्याचा अर्थ लावायला शिकवणे जवळजवळ होतच नाही, असे त्यांना आढळले. कन्नड मुलांवरील सोनाली नाग यांच्या अभ्यासातही लिपी पक्की व्हायला कित्येक इयत्ता लागतात असे दिसले. हिशेब करून पाहा. चौतीस व्यंजने आणि बारा स्वर धरले तरी बाराखडीचे चारशे आठ आकार होतात, जोडाक्षरे वेगळीच. इंग्रजीत अडचण उच्चाराच्या लहरीपणाची आहे, आपल्याकडे आकारांच्या गर्दीची. म्हणून तिकडचा निर्वाळा जसाच्या तसा उचलून आपले भागत नाही.

आता आपल्या वणीकडे पाहा. कोळशाच्या खाणी आणि व्यापार यांमुळे येथे कोण कोठून आलेले नाही? माझ्या वर्गात घरी उर्दू-हिंदी बोलणारी मुले आहेत, तेलुगू बोलणारी आहेत, आणि तालुक्यातील खेड्यांत कोलामी आणि गोंडी बोलणारी मुले मराठी पुस्तक हातात घेतात. सकाळी मक्तबात उजवीकडून डावीकडे वाचणारे मूल अकरा वाजता डावीकडून उजवीकडे वाचते. उर्दूच्या नेहमीच्या लिखाणात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, येथे लिहितात, आणि पहिली वेलांटी तर उच्चारात नंतर येऊन लिहिण्यात आधी बसते. हे सारे मुलाच्या डोक्यात काय घोटाळे करीत असेल, ते मी इतकी वर्षे कधी विचारलेच नाही. 'लक्ष नाही' एवढा शेरा मारून मोकळा होत होतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' योजना जाहीर केली आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला अर्थासह वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी तक्ते आले, प्रशिक्षणे झाली, माहिती भरण्याचे रकाने आले. रकाने भरताना मला १८६२ आठवते. वरून आकडा मागितला की खालून आकडा मिळतो, हा मानवी स्वभाव आहे. म्हणून मी स्वतःपुरती एक वेगळी वही केली. ती कोणाला दाखवायची नाही. तिच्यात चार रकाने आहेत : अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. दर शनिवारी पाच-सहा मुलांना एकेक करून जवळ घेतो आणि त्यांनी कधीही न पाहिलेला कागद पुढे ठेवतो. धड्याचे पुस्तक मुद्दाम मिटलेले. वाचून झाल्यावर काय वाचले ते त्यांच्या घरच्या भाषेत सांगायला सांगतो, कारण मराठीत सांगता आले नाही म्हणजे समजले नाही, असे नव्हे.

पहिल्या महिन्यात ती वही भरताना झोप उडाली, एवढेच सांगतो. पहिल्या बाकावरची, हात वर करणारी, वही नीटनेटकी ठेवणारी मुलेसुद्धा 'शब्द' या रकान्यात निघाली. एक मुलगी मात्र, जिला मी वर्षभर मागे बसवले होते, गोष्ट सरळ वाचून गेली आणि मला तिचा सारांश उर्दूत सांगितला.

दुकानातल्या त्या मुलाला मी संध्याकाळी घरी येण्याविषयी सुचवले. तो चार दिवस आला. अक्षरे त्याला येत होती, वेलांट्यांत गोंधळ होता आणि जोडाक्षर आले की तो थांबे. पाचव्या दिवशी लग्नसराईचे काम वाढले, "सर, बाद में देखते" म्हणाला, आणि राहून गेले. त्याची धाकटी बहीण यंदा माझ्या वर्गात आहे. पहिल्या शनिवारी तिच्यापुढे कागद ठेवला. तिने चार ओळी बोट ठेवून वाचल्या, 'रात्री' या शब्दाशी थांबली, माझ्याकडे पाहिले आणि पुढचे वाक्य अंदाजाने म्हणून टाकले. मी तिला थांबवले आणि त्या शब्दावर परत आणले.